परतीचं तिकीट

भारताच्या पासपोर्टची पुस्तिका नाशिकरोडला छापली जाते. इंडिया सिक्युरिटी प्रेस हा 1920च्या दशकात इंग्रजांनी उभारलेला छापखाना. देवळाली कॅम्पातून निघालं की काही किलोमीटरवर तो लागतो, आणि या भागात नुसतं ‘प्रेस’ म्हटलं तरी पुरतं. पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंतीवजा आदेश असतो: या पुस्तिकेच्या धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत व संरक्षण द्यावं. 1967च्या पासपोर्ट कायद्याच्या 17व्या कलमाप्रमाणे ही पुस्तिका केंद्र सरकारची मालमत्ता असते. जिच्या नावावर ती काढली तिचीसुद्धा ती नव्हे, मग परदेशातल्या मालकाची कुठून होणार?

तरीही आखातातल्या घरात कामाला पोचलेल्या बाईच्या हातून बहुतेक वेळा सगळ्यात आधी काढून घेतला जातो तो पासपोर्टच. तो मालकाच्या कपाटात जातो. पुढे पगार थांबला, जेवण अपुरं मिळू लागलं, अंगावर हात पडला, तर बाई एखाद वेळी दार उघडून रस्त्यावर येऊ शकते. विमानात बसू शकत नाही. अशा बायकांच्या मदतीची बातमी होते ती सुटकेची. दूतावासाने सोडवलं, मंत्र्यांनी लक्ष घातलं, बाई मुंबईला उतरली. मला त्याच्या आधीचं विचारायचं आहे. तिला नेताना तिच्या परतीला कोण बांधील होतं? ज्याने नेलं त्याच्यावर ही जबाबदारी कागदोपत्री पक्की लादलेली असेल, तर मदत मागायला एक पत्ता असतो. नसेल, तर मदत कुणाच्या तरी भलेपणावर अवलंबून राहते. हा प्रश्न खूप जुना आहे, आणि देवळालीसारख्या छावणीला तर तो परका नाहीच.

देवळालीला इंग्रजांनी 1861मध्ये लष्कराचा डेपो वसवला. मुंबई बंदरात उतरलेले गोरे शिपाई इथे आणले जात, आणि मुदत संपलेले शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट इथेच पाहत. सैन्याची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात सुटत. ज्याची मुदत त्यानंतर संपे, त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत इथे दिवस काढावे लागत. त्या शिपायांच्या कंटाळ्याबद्दल, तापाबद्दल, फिरलेल्या डोक्यांबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं. त्याच मुंबई बंदरातून त्याच इंग्लंडला गेलेल्या आयांबद्दल मात्र फार थोडं.

साहेबाचं कुटुंब विलायतेला निघालं की लहान मुलांना सांभाळायला बोटीवर आया लागे. मडमेला समुद्र लागलेला, मुलं आजारी, प्रवास काही आठवड्यांचा. अशा वेळी पोरांना न्हाऊ घालणं, भरवणं, रात्र रात्र जागणं हे सगळं आयेने करायचं. बोटीच्या प्रवासी यादीत पुष्कळदा तिचं नावही नसे. अमुक मडमेची आया एवढीच नोंद. बोट इंग्लंडला लागली की तिचं काम संपे. काही कुटुंबं तिच्या परतीची सोय करत. काही जण थोडे पैसे देत, काही तेही देत नसत. 1855मध्ये लंडनच्या रॅटक्लिफ हायवे भागातल्या एका बदनाम खानावळवजा घरात 50हून अधिक आया दाटीवाटीने राहत असल्याचं आढळलं. गोदीलगतची ती वस्ती. परत जायला पैसे नाहीत, भाषा मोडकी, हवा कडाक्याची.

यांतल्या काहींना आधार मिळाला तो ‘आयाज होम’ नावाच्या वसतिगृहाचा. आधी लंडनच्या ऑल्डगेट भागात असलेलं हे घर 1900मध्ये लंडन सिटी मिशनने चालवायला घेतलं आणि ते हॅकनीतल्या किंग एडवर्ड्स रोडवर गेलं. वर्षाला शंभरेक आया तिथे राहून जात. या घराची एक व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते. जी कुटुंबं आयेचं परतीचं तिकीट काढून देत, ती ते तिकीट या घराच्या व्यवस्थापिकेकडे सुपूर्त करत. हिंदुस्थानात निघालेलं एखादं कुटुंब आया शोधत आलं की घर त्यांना आया देई, आणि ते तिकीट त्या कुटुंबाला मिळे. परतीच्या प्रवासातही आयेला काम मिळे आणि ती घरी पोचे. हे सगळं चाले ते एका अटीवर: नेणाऱ्याने परतीचं तिकीट आधी काढलेलं असलं पाहिजे. अनुभवी आया या व्यवस्थेवर वर्षानुवर्षं ये-जा करत. मिसेस अँटनी परेरा नावाच्या एका आयेने असा प्रवास 54 वेळा केल्याची नोंद आहे.

आणि जिच्यासाठी तिकीट काढलेलं नसे तिचं काय? 1908मध्ये एका आयेला तिच्या मालकांनी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर हातात एक पौंड ठेवून सोडून दिलं. तिचं प्रकरण इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या, दप्तरात आहे. एक पौंडात ती कुठे जाईल याचा विचार त्या कुटुंबाला करावा लागला नाही, कारण तो करायला लावणारं कुणी नव्हतं. कंपनी सरकारच्या काळात नोकराला विलायतेला नेणाऱ्या साहेबाकडून त्याच्या परतीसाठी अनामत घेण्याची पद्धत होती. ती पुढे ढिली पडत गेली. राणीचं राज्य आलं, आगबोटी आल्या, सुएझचा कालवा झाला, प्रवास स्वस्त आणि सोपा झाला. आयेच्या परतीची हमी मात्र तेवढी पक्की राहिली नाही. रोझिना विसराम यांनी 1986च्या आपल्या पुस्तकात हा इतिहास दप्तरांतून उकरून काढला नसता, तर तो आपल्यापर्यंत पोचलाही नसता. 2022मध्ये हॅकनीतल्या त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली, तीही एका दक्षिण आशियाई वंशाच्या लंडनवासी तरुणीने पाठपुरावा केला म्हणून.

नाशिकचा या गोष्टीशी दुसऱ्या बाजूनेही संबंध आहे, आणि तो नाशिककरांनाही फारसा माहीत नसतो. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांना तिथे कधी काळी आफ्रिकी मुलांची शाळा होती हे कुणी सांगितलेलं नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबतं पकडली जात, आणि त्यांतून सोडवलेली माणसं मुंबईला उतरवली जात. पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेली ही मुलंमाणसं अरबस्तानाच्या आणि इराणच्या बाजूला विकली जाणार होती; त्यांतल्या कितीतरी जणांच्या नशिबी घरकामाची गुलामीच होती. मुंबईला सोडवलेल्या मुलांपैकी अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूर या वसाहतीत पाठवलं गेलं. तिथे त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकी, लोहारकी शिकवली जाई. मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत वारला तेव्हा त्याचा देह शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत या शाळेत शिकलेले तरुण होते. त्यांच्यातला जेकब वेनराइट एप्रिल 1874मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर होता, शवपेटीला हात लावून. नाशिकला शिकलेला मुलगा!

शरणपूरचं मोठेपण मी कमी लेखत नाही. पण तिथेही हाच प्रश्न उरला होता. या मुलांना वाचवलं, निवारा दिला, नवं नाव आणि नवा धर्म दिला. त्यांचं घर कुठे आहे आणि तिथे त्यांना कोण नेणार, हे दोन दशकं रेंगाळलं. 1875च्या सुमाराला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या नव्या वसाहतीत नेलं गेलं. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचं नाव तिला दिलेलं. ती आफ्रिका होती, एवढंच. ज्या गावातून उचललं होतं, ते गाव फार थोड्यांना परत मिळालं.

*

आता आजच्या काळात येऊ. समजा, देवळाली कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यात धुणीभांडी करणारी 27 वर्षांची बाई आहे. शिक्षण आठवीपर्यंत, नवऱ्याच्या कामाचा भरवसा नाही, दोन मुलं, सावकाराचं किंवा बचत गटाचं कर्ज. ओळखीतलं कुणीतरी एजंटाचा नंबर देतं. एजंट मुंबईत बसतो, कधी हैदराबादला. तो म्हणतो, “ताई, घरात दोनच माणसं आहेत, काम हलकं, पगार तिसेक हजार. आधी व्हिजिटवर जायचं, तिथे पोचलं की मालक बताका करून देतो.” बताका म्हणजे तिथलं ओळखपत्र. सौदीत त्याला अकामा म्हणतात.

व्हिजिट व्हिसाच्या या एका वाक्यात कायद्याच्या सगळ्या भिंती ओलांडल्या जातात. भारताचा 1983चा उत्प्रवासन कायदा सांगतो की दहावी न झालेल्या माणसाला ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं असेल तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी हवी. मुंबईत हे कार्यालय आहे. अशा बाईला घरकामासाठी जायचं असेल तर तिचं वय किमान 30 हवं. 2016पासून अशा बायकांची भरती खासगी एजंटांकडून काढून फक्त सरकारी संस्थांकडे देण्यात आली. मालकाने थेट नेमणूक केली तर त्याच्याकडून 2,500 अमेरिकी डॉलरची बँक हमी घेण्याचा नियम झाला. ही रक्कम बाईचा थकलेला पगार आणि तिचं परतीचं भाडं यांसाठीच. कंपनीच्या काळातली ती जुनी अनामतच दोनशे वर्षांनी पुन्हा आली, आणि योग्य तेच झालं.

पण नियम होताच काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. कुवेतला ही हमी पटली नाही. तिथल्या लोकांनी भारतीय बायका घेणं थांबवलं आणि दुसऱ्या देशांकडे वळले. अखेर 2017मध्ये भारताने कुवेतपुरती ही अट मागे घेतली. जिथे अट राहिली, तिथे तिला बगल देणारा रस्ता निघाला: पर्यटक म्हणून जा. पर्यटकाला मंजुरी लागत नाही. नोंदणी नाही म्हणजे करार नाही, हमी नाही, विमा नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी 275 रुपये हप्त्यात दहा लाखांचं संरक्षण मिळतं. व्हिजिटवर गेलेल्या बाईला तेही नाही. दहावी झालेली बाई तर मंजुरीच्या जाळ्यातून कायद्यानेच मोकळी असते. 30 वर्षांची अट बाईच्या भल्यासाठी केलेली आहे, पण तिने 27 वर्षांच्या बाईची गरज संपत नाही. ती मागच्या दाराने जाते, एवढंच. माझं स्पष्ट मत आहे की ही वयाची अट काढून तिच्या जागी नेणाऱ्यावरची हमी सर्व देशांसाठी, सर्व वयांसाठी पक्की करायला हवी.

तिकडे पोचल्यावरचा व्यवहार असा असतो. मालकाने तिथल्या भरती कार्यालयाला मोठी रक्कम मोजलेली असते. त्याच्या लेखी बाई कामावर आली नाही, ती विकत घेतली गेली. बाई जायचं म्हणाली की तो म्हणतो, माझे पैसे परत कर आणि जा. कार्यालय तिला दुसऱ्या घरी पाठवतं, तिथून तिसऱ्या. कफील, म्हणजे तिचा पुरस्कर्ता मालक, याच्या सहीशिवाय तिचा मुक्काम कायदेशीर नाही. ती पळाली आणि त्याने तक्रार दिली तर सौदीत तिच्यावर ‘हुरूब’चा शिक्का बसतो. आता पिडलेली बाईच गुन्हेगार ठरते. आखातात कायदे सुधारलेही आहेत, ते नाकारता येत नाही. कुवेतने 2015मध्ये घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला, त्यात कामाच्या तासांवर मर्यादा आहे, आठवड्याची सुट्टी आहे, पासपोर्ट ठेवून घ्यायला बंदी आहे. कतार, अमिरात यांनीही केले. मात्र या कायद्यांची अंमलबजावणी बंद दारामागे, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात व्हायची असते, आणि तिथे कुणी तपासनीस जात नाही.

*

कुर्ल्याच्या एका बाईची गोष्ट वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे. तिचं नाव इथे देत नाही. तिने याआधी कतारमध्ये, दुबईत, सौदीत काम केलं होतं. म्हणजे ती नवखी नव्हती. चार मुलांना एकटीच्या कमाईवर वाढवत होती. 2002मध्ये मुंबईतल्या एका एजंटाने दुबईच्या नोकरीसाठी तिच्याकडून 20 हजार रुपये घेतले. विमान उतरलं ते पाकिस्तानात. सिंधमधल्या हैदराबादला तिला एका घरात डांबून ठेवलं गेलं. तिथून ती सुटली, पण परत येण्यासाठी तिच्याकडे काहीच नव्हतं. दोन देशांचे संबंध असे की परतीची वाटही दिसेना. इकडे मुलांनी एजंटाला गाठलं, तो म्हणाला ती खुशाल आहे, आणि पुढे तो गायबच झाला. 2022मध्ये कराचीतल्या एका तरुणाने तिचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, मुंबईतल्या एका पत्रकाराने तो इकडे फिरवला, कुर्ल्यात तिच्या घरापर्यंत पोचवला. डिसेंबर 2024मध्ये वाघा सीमेवरून ती भारतात आली. मुलांना आई मिळाली, 22 वर्षांनी.

मदत करणारे ते दोघं तरुण खरोखर थोर आहेत. त्यांनी बदल्यात काही मागितलं नाही. पण त्या 22 वर्षांचा हिशेब कुणाकडे मागायचा? एजंटाकडे. आणि एजंटाचा पत्ता, त्याची नोंदणी, त्याची हमी यांतलं घरच्यांच्या हातात काय होतं? परवाना नसताना भरती करणाऱ्याला आपला 1983चा कायदा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो. दोन हजार! एका बाईकडून तो वीस, पन्नास हजार घेतो. हा कायदा बदलायचा मसुदा 2021मध्ये सरकारने मांडला, पण त्या वर्षी त्याचा कायदा झाला नाही.

सगळा दोष आखातातल्या मालकाचा, असंही नाही. महाराष्ट्राला जवळून आठवेल असं प्रकरण 2013चं. न्यूयॉर्कमधल्या भारतीय उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना 12 डिसेंबरला अटक झाली. घरकामाला नेलेल्या बाईच्या व्हिसासाठी खोटा करार दाखवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. व्हिसासाठी दिलेल्या करारात तासाला 9.75 डॉलर, आणि दुसऱ्या, न दाखवलेल्या करारात महिन्याला 30 हजार रुपये, असं अमेरिकी तपासयंत्रणेचं म्हणणं होतं. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. त्यांची कपडे उतरवून झडती घेतली गेली याचा देशभर संताप झाला, आणि तो रास्त होता. एका दलित मराठी मुलीने कष्टाने मिळवलेल्या पदाचा तो अपमान होता, असं वाटणारे अनेक होते. जानेवारी 2014मध्ये त्या भारतात परतल्या. पण या संपूर्ण गदारोळात ती काम करणारी बाई काय सांगते, हे आपल्याकडे फार थोड्यांनी विचारलं. ती जून 2013मध्ये घर सोडून गेली होती. तिच्या पाठीशी उभी राहिली ती न्यूयॉर्कची एक स्वयंसेवी संस्था. दिल्लीत तिच्याविरुद्ध वॉरंट निघालं. तिच्या घरच्यांना अटकेच्या दोन दिवस आधी अमेरिकेने तिकडे बोलावून घेतलं, याचा आपल्याला राग आला. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं: आपल्या देशाची अधिकारी आणि आपल्या देशाची मोलकरीण या दोघींच्या बाजूने एकाच वेळी उभं राहता आलं असतं.

जून 2024मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयाने उद्योगपती हिंदुजा कुटुंबातल्या चौघांना भारतातून नेलेल्या घरनोकरांच्या पिळवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. मानवी तस्करीचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही असं न्यायालयाने म्हटलं, आणि कुटुंबाने निकालाविरुद्ध अपील केलं. सरकारी पक्षाने मांडलेले मुद्दे नेहमीचेच: पासपोर्ट काढून घेतलेले, पगार रुपयांत आणि भारतातल्या खात्यावर. परक्या देशात हातात तिथलं चलन नाही म्हणजे बसचं तिकीटही नाही.

*

फिलिपिन्सने या प्रश्नाला आपल्यापेक्षा नीट हात घातला. मार्च 1995मध्ये सिंगापूरला फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन या फिलिपिनो मोलकरणीला खुनाच्या आरोपाखाली फाशी झाली. तिच्या देशात लोक रस्त्यावर आले, मंत्र्यांना पदं सोडावी लागली, आणि त्याच वर्षी प्रजासत्ताक कायदा 8042 झाला. त्या कायद्यात दोन गोष्टी आहेत. पगाराच्या दाव्याला परदेशी मालक आणि मायदेशी एजन्सी हे दोघंही संयुक्तपणे जबाबदार. आणि बाईला परत आणण्याचा खर्च प्रथम एजन्सीचा. त्यामुळे मनिलातल्या कुटुंबाला कुवेतमधल्या मालकाच्या मागे धावावं लागत नाही. ते गावातल्या एजन्सीच्या दारात उभं राहू शकतं. फिलिपिन्सच्या बायकांचे हाल थांबले असं नाही. पण दार ओळखीचं झालं.

भारतात परवानाधारक एजंटाकडून लाखांची बँक हमी घेतली जाते, मोठ्या एजंटांसाठी ती 50 लाखांची, आणि तिच्यातून अडकलेल्या माणसाला आणण्याचा खर्च काढता येतो. जाणाऱ्याकडून एजंट 30 हजार आणि कर यांपेक्षा जास्त शुल्क घेऊ शकत नाही. म्हणजे तत्त्व आपल्याकडेही आहे. ते लागू होतं फक्त त्याला, जो नोंदणीत आहे. केरळने 1996मध्ये अनिवासी केरळीयांसाठी वेगळं खातं काढलं, आणि आज गावातल्या कुटुंबाला परदेशात अडकलेल्या माणसासाठी कुणाकडे जायचं हे तिथे माहीत असतं. महाराष्ट्रात त्या तोडीचं काम उभं राहिलेलं नाही, कारण आपण स्वतःला परदेशी मोलकरणी पाठवणारं राज्य समजत नाही. मुंबई हे देशातलं मोठं बंदर, आणि एजंटांची मोठी बाजारपेठ. आपण समजायला हवं.

मग कॅम्पातल्या त्या 27 वर्षांच्या बाईच्या घरच्यांनी काय करायचं? माझ्या मते सगळ्यात मोठं काम ती जाण्याआधी होतं. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसाचा कागद, विमानाचं तिकीट, एजंटाचं नाव, त्याने घेतलेल्या पैशाची पावती किंवा यूपीआयची नोंद, या सगळ्यांचे फोटो घरातल्या किमान दोघांच्या फोनमध्ये हवेत. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या यंत्रणेवर दिसतं. तिथे नाव नसेल, तर त्याने दिलेल्या कोणत्याही आश्वासनाला अर्थ नाही. पोचल्या दिवशीच बाईने व्हॉट्सॲपवर घराचं ठिकाण पाठवावं, मालकाच्या ओळखपत्राचा फोटो मिळाला तर तोही. फोन काढून घेतला जाणार हे धरून चालावं. घरातले दोन-तीन नंबर तिला तोंडपाठ असावेत. आणि काहीतरी बिनसलंय हे सांगण्याचा एखादा साधा शब्द आधीच ठरवलेला असावा, कारण पुष्कळदा मालकीणबाई शेजारी उभी राहून बोलणं ऐकते.

अडचण आली तर घरच्यांनी मदद या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. 2015मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ते सुरू केलं. तक्रार तिथून थेट त्या देशातल्या दूतावासाकडे जाते आणि तिला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाशिवाय पुढचं कुठलंच पत्र मजबूत होत नाही. दिल्लीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800 11 3090 हा निःशुल्क क्रमांक आहे. त्याच दिवशी देवळाली कॅम्प पोलीस ठाण्यात एजंटाविरुद्ध लेखी तक्रार द्यावी. गुन्हा मुंबईत घडला, तिकडे जा, असं सांगितलं गेलं तर ते मान्य करू नये: हद्द कुठलीही असली तरी गुन्हा आधी नोंदवून मग वर्ग करता येतो, आणि फसवून, दाबून कामाला जुंपणं हे भारतीय न्याय संहितेच्या 143व्या कलमात मानवी तस्करी म्हणून बसू शकतं. मुंबईच्या प्रोटेक्टरकडेही अर्जाची प्रत द्यावी. खासदाराचं पत्र उपयोगी पडतं, हे खरं आहे. पण ते तक्रार क्रमांकासह गेलं तर.

व्हिडिओ टाकायचा का? अडकलेल्या बायकांचे रडतानाचे व्हिडिओ व्हायरल होतात आणि काही जणी त्यामुळेच सुटल्या आहेत. पण आखाती देशांत घरातलं चित्रीकरण आणि बदनामी यांचे कायदे कडक आहेत. व्हिडिओत मालकाचं घर, चेहरा, नाव आलं तर बाईवरच खटला होऊ शकतो. दूतावासाला खासगीत पाठवलेला व्हिडिओ मात्र पुरावा असतो. घरच्यांनी तो आधी तिकडेच पाठवावा, आणि बाई सुरक्षित जागी पोचेपर्यंत तो पुढे फिरवू नये. हे सांगताना मला कळतं की घाबरलेल्या आईला किंवा नवऱ्याला थांबणं किती अवघड जातं.

बाई मालकाच्या घरातून निघून दूतावासात पोचली की तिची बाजू बरीच भक्कम होते. कुवेत, रियाध, जेद्दा इथे अशा बायकांसाठी भारतीय मिशनने निवारे चालवले आहेत. 2009पासून असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून तिचं जेवणखाण, वकील, गरज पडली तर विमानाचं तिकीट यांचा खर्च होतो. हा निधी मुख्यतः दूतावासात कामासाठी येणाऱ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून उभा राहतो. पासपोर्ट मालकाने दिला नाही तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, एकदाच मायदेशी परतण्यापुरता कागद. मालकाने ‘हुरूब’ची तक्रार केली असेल, तर ती मिटवणं, दंड माफ करून घेणं, देश सोडण्याची परवानगी मिळवणं यांत आठवडे जातात, कधी महिने.

आणि शेवटी ज्यात सगळ्यात जास्त बायका फसतात ते. सुटण्याच्या घाईत बाई पगार सोडून देते. मालक एक अरबी कागद पुढे करतो: सर्व देणं मिळालं, तक्रार नाही. त्यावर अंगठा उमटतो आणि दाव्याची वाट बंद होते. निघण्याआधी दूतावासाच्या किंवा तिने नेमलेल्या माणसाच्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं, तर ती इकडे आल्यावरही थकीत पगाराचा दावा तिकडे चालू राहू शकतो. इमर्जन्सी सर्टिफिकेट मुंबई विमानतळावर काढून घेतात, म्हणून विमानात बसण्याआधीच त्याचाही फोटो घरी पाठवून ठेवावा. आणि बाई आली की मदद पोर्टलवरची तक्रार बंद होते. पोलीस ठाण्यातली तक्रार तशी बंद होऊ देता कामा नये. तिचा जबाब पहिल्या आठवड्यातच, तारखा आणि रकमांसह नोंदवून घ्यावा. एजंटावरचा खटला त्या जबाबावरच उभा राहतो, आणि त्याच्या फोनमध्ये पुढच्या बाईचा नंबर तोवर आलेला असतो.